न छापलेले निकाल

वृषाली काळमेघला खुर्चीत बसून काम करता येत नसे. नागपुरातल्या तिच्या ऑफिसात टेबल होतं, चांगली फिरती खुर्ची होती, पण लेख तपासताना ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत राही. शेजारच्या खोलीतले लोक म्हणत, मॅडमनी एवढं चालणं रस्त्यावर केलं असतं तर आतापावेतो वर्ध्याला पोचल्या असत्या.

तिच्या अस्वस्थपणाला कारण होतं. 'ग्लोबल स्कूलिंग रिव्ह्यू' या आंतरराष्ट्रीय जर्नलची ती सहसंपादक होती. गरीब देशांतल्या मुलांना कसं शिकवावं, कुठला प्रयोग कुठं लागू पडतो, कुठं फसतो, अशा संशोधनाचं हे जर्नल. एकेकाळी असले लेख दोन-चारशे प्राध्यापक वाचत, एकमेकांच्या लेखांत त्यांची नावं घालत आणि विसरून जात. आता माणसं ते वाचेनाशीच झाली होती. आता ते 'अन्वय' वाचत होता.

अन्वय ही एक अवाढव्य गणिती यंत्रणा होती. जगातल्या सगळ्या शिक्षणविषयक जर्नलांमधले लेख तिला पाजले होते. एखाद्या देशानं विचारायचं, आमच्या डोंगरी जिल्ह्यात मुलांची भाषा वेगळी, शिक्षक बाहेरगावचे, पावसाळ्यात वाटा बंद. तिथं काय केलं तर मुलं वाचायला शिकतील? अन्वय हजारो लेखांतले आकडे एकमेकांशी जोडून त्या जिल्ह्यातल्या मुलांसारखी लाखभर काल्पनिक मुलं तयार करी, त्यांच्यावर एकेक उपाय चालवून बघे आणि प्रत्येक उपायाला शंभरपैकी गुण देई. बऱ्याच श्रीमंत देशांनी मिळून उभारलेल्या जागतिक शाळा निधीनं नियमच करून टाकला होता. साठाच्या वर गुण असतील त्या कार्यक्रमाला मदत. साठाच्या खाली घसरला की मदत आपोआप बंद. कुणाचा वशिला नको, कुणाची लहर नको. हे सुरू झालं तेव्हा सगळ्यांनाच फार न्याय्य वाटलं होतं. वृषालीलाही.

पण त्यातून झालं असं, की तिनं इकडं एखादा लेख स्वीकारला की आठवड्याभरात बोलिव्हियातल्या नाहीतर लाओसमधल्या शाळांचं वेळापत्रक बदललेलं असे. ती मुलं तिनं कधी पाहिली नव्हती, पाहणारही नव्हती. मग माणूस खुर्चीत स्वस्थ बसणार कसा?

चिकोंडी बांडाचा फोन आला तो भर दुपारी. पडद्यावर चाळिशीची, चष्मा कपाळावर सरकवलेली बाई दिसली. मलावीतल्या एका अध्यापक विद्यालयात ती शिकवत होती. नमस्कार-चमत्कार न करता तिनं सुरुवात केली.

"डॉक्टर काळमेघ, तुमच्या चाळणीनं माझा लेख परत पाठवलाय. कारण दिलंय, नवा निष्कर्ष नाही."

चाळणी म्हणजे आलेले लेख आधी निवडणारी यंत्रणा. तिच्यातून पार पडेल तेच संपादकांपर्यंत येई.

"तुमचा निष्कर्ष काय आहे?" वृषालीनं विचारलं.

"काही फरक पडला नाही, हाच माझा निष्कर्ष आहे!" चिकोंडी म्हणाली. "आमच्या सरोवराकाठच्या शाळांत आम्ही दोन वर्षं घरच्या भाषेतून वर्ग चालवले. मुलं खूश होती, आया खूश होत्या, मीही होते. शेवटी वाचन तपासलं, तर शेजारच्या साध्या शाळांतल्या मुलांच्या बरोबरीनंच. तसूभरही जास्त नाही. मला रडू आलं होतं, पण मी ते लिहिलं. आणि आता कुणी छापायला तयार नाही. हे चौथं जर्नल."

"पद्धत कुठली वापरली होती?" वृषालीनं विचारलं खरं, पण उत्तराचा अंदाज तिला आधीच आला होता.

"'दोन वर्षं घरची भाषा'. तुमच्याच जर्नलमध्ये आली होती. मंजूषा काळमेघ यांची." चिकोंडी थांबली. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुमच्या कोणी लागतात?"

"सख्खी मोठी बहीण."

पलीकडं चष्मा पुन्हा कपाळावर गेला. मग चिकोंडी कोरडेपणानं म्हणाली, "म्हणजे माझा लेख मी विसरून जावा."

"नाही," वृषाली म्हणाली. "पाठवा. नुसता लेख नको, सगळे आकडे पाठवा. शाळावार, मूलवार."

आकडे आले. वृषालीनं ते चारी बाजूंनी ठोकून पाहिले. कुठं हलगर्जी नव्हती. आणि त्यानंतर तिच्या डोक्यात जे सुरू झालं ते थांबेना.

समजा, वीस गावांतल्या वीस वैद्यांनी एकच जडीबुटी देऊन पाहिली. एकोणीस गावांत कुणाला गुण आला नाही, एका गावात योगायोगानं आला. वैद्यांच्या मासिकात छापून आलं ते त्या एका गावाचं. बाकीच्या एकोणिसांना संपादकांनी सांगितलं, यात नवं काय? मासिक वाचणाऱ्याला वाटणार, जडीबुटी रामबाण आहे. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी सगळं मिळून खोटं. जर्नलांचं हे दुखणं जुनंच होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण जोवर लेख वाचणारी माणसं होती तोवर ती आपल्या अनुभवाचं मीठ घालून वाचत. अन्वयला कसला अनुभव? त्याला फक्त छापलेलं माहीत होतं. त्याच्या जगात फसलेला प्रयोग जवळजवळ नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तिनं हेन्रिक लुंडला गाठलं. हेन्रिक हा मुख्य संपादक, नॉर्वेतला. माणूस सरळ, पण वादाला भिणारा. तिनं आधी बहिणीचं नातं सांगून टाकलं, मग बाकीचं.

"हे सगळ्याच जर्नलांचं आहे," हेन्रिक म्हणाला. "आपण एकट्यांनी काय करणार?"

"एक अंक काढू. ज्यांचे प्रयोग फसले आणि कुणी छापले नाहीत, त्यांनी पाठवावेत. काम चोख असलं की झालं, निष्कर्ष काहीही असो. तो अंक अन्वयला पाजायचा."

"तुझ्या बहिणीच्या पद्धतीचे गुण उतरतील."

"उतरले तर उतरले. तिला मी सांगते."

हे तिनं फार पटकन म्हटलं. बहिणीकडं निघालेली बस परतवाडा सोडून सेमाडोहच्या घाटात चढायला लागली, दोन्ही बाजूंना सागाचं रान सुरू झालं, तेव्हा तिला ते जाणवायला लागलं.

मंजूषा वीस-बावीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून धारणीला गेली ती तिथलीच झाली. कोरकू आदिवासी मुलं पहिलीत मराठी पुस्तकासमोर दगडासारखी बसतात हे तिनं पाहिलं आणि गावातल्याच कोरकू बायकांना तयार करून पहिली दोन वर्षं त्यांच्याकडून मुलांच्या भाषेत वर्ग चालवायला सुरुवात केली. मुलं बोलू लागली, मग वाचू लागली. त्यावरचा तिचा लेख वृषाली जर्नलमध्ये यायच्या बऱ्याच आधी छापून आला होता. अन्वयनं त्या पद्धतीला अठ्ठ्याहत्तर गुण दिले होते, आणि मेळघाटातली ही पद्धत नऊ देशांत पोचली होती. मंजूषा स्वतः मात्र नागपूरच्या पुढं फारशी गेली नव्हती.

"जेवून घे आधी, मंग बोल," मंजूषानं दारातच सांगितलं. "तुझं तोंड पाहूनच समजून रायलं, काहीतरी घेऊन आली तू."

जेवण होईस्तोवर वृषालीला धीर निघाला नाही. भाकरीचा पहिला तुकडा मोडतानाच तिनं सगळं सांगितलं. मंजूषा ऐकत राहिली.

"काऊन नाही जमलं तिथं?" तिनं विचारलं.

"त्या बाईलाही कळत नाहीये."

मंजूषानं वरणाची वाटी पुढं सरकवली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्यापाशीबी हाये तसंच एक. नदीपलीकडच्या गावाइतलं. तिथं पोट्टे होते तिथंच रायले. दोन जागी पाठवलं. एकानं वापस केलं, दुसऱ्यानं तर उत्तरच नाही देल्लं."

"ताई! मला का नाही सांगितलंस?"

"तू तिथं संपादक. तुले सांगतलं असतं त वशिला झाला असता."

वृषालीनं हातातला घास ताटात ठेवला. "या अंकात देशील?"

"देतो ना. काऊन नाही देणार?" मंजूषा म्हणाली. "पण मले एक सांग, याच्यानं पुढं काय होईन?"

"गुण थोडे उतरतील. साठाच्या खाली नाही जाणार, मी अंदाज घेतलाय. आणि अन्वयला खरं काय ते कळेल."

"कळू दे बाप्पा मंग," मंजूषा म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

अंकासाठी जगभरातून निकाल येऊन पडले. फिलिपिन्समधून आले, घानामधून आले, पेरूच्या डोंगरातून आले. टॅब्लेट वाटून काही न झालेले, मुलींना सायकली देऊन काही न झालेले, शिक्षकांना बक्षिसं देऊन उलट झालेले. लोकांनी सोबत लिहिलं होतं, कुणीतरी विचारलं हेच पुष्कळ. वृषालीच्या फेऱ्या थांबल्या नव्हत्या, पण आता त्यांत एक जोम होता. आयुष्यात एक तरी नीट काम केलं असं तिला वाटत होतं.

अंक निघाला. अन्वयनं तो वाचला आणि जगभरातले गुण उतरायला लागले.

थोडे नाही, धडाधड उतरले. वृषालीचा अंदाज चुकला होता, कारण तिनं एकेका पद्धतीचा वेगळा हिशेब केला होता. अन्वय तसा विचार करत नव्हता. एवढ्या फसलेल्या प्रयोगांवरून तो एक नवीनच गोष्ट शिकला होता: छापून आलेल्या यशावर मुळातच कमी विश्वास ठेवायचा. 'दोन वर्षं घरची भाषा' अठ्ठ्याहत्तरवरून एक्केचाळीसवर आली. सायकली, टॅब्लेट, सकाळचा नाश्ता, सगळं साठाच्या खाली. एका देशाच्या अर्थमंत्र्यानं संसदेत जर्नलचा अंक उंच धरून सांगितलं, की शाळांवर खर्च करून काही होत नाही हे आता शास्त्रानंच सिद्ध केलं आहे. निधीच्या देणगीदार देशांनी मनातून हुश्श केलं. वृषालीला अभिनंदनाचे निरोप येऊ लागले. धाडसी संपादक, असं कुणीतरी तिच्याबद्दल लिहिलं.

मग मंजूषाचा फोन आला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"वृषू, निधीचा निरोप आला. या महिन्यापासून बंद."

"ताई, एवढं होईल असं मला..."

"माझ्या बाया वर्गात उभ्या हायेत. काय सांगू त्याइले? घरी जा म्हणू? का पोट्ट्याइले सांगू, आता पुस्तक आलं तसं वाचा म्हणून?"

"मी काहीतरी करते. थोडा वेळ दे मला."

"माझ्यापाशी कुठं हाये वेळ द्याले," मंजूषा म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवसानंतर वृषालीला जेवण गोड लागेना. तिनं पुन्हा चिकोंडीला गाठलं. चिकोंडीची अवस्था वेगळी नव्हती. तिचा लेख छापला गेला होता आणि तिच्या सरोवराकाठच्या शाळा बंद पडल्या होत्या. गावात तिला लोक तोंडावर विचारत होते, तूच ना ती लिहिणारी?

"मी काही फरक पडला नाही असं लिहिलं होतं," ती म्हणाली. "बंद करा असं लिहिलं नव्हतं."

दोघी मिळून आकड्यांच्या मागं लागल्या. सकाळी मलावीत उजाडलं की पडदा सुरू होई. या खेपेला त्यांनी सगळ्या मुलांची सरासरी बघितलीच नाही. एकेक मूल वेगळं मांडलं. आणि तेव्हा दिसलं, की फरक शून्याच्या आसपास असलेली मुलं फारशी नव्हतीच. आकड्यांचे दोन ढीग होते. एका ढिगातली मुलं झपाट्यानं पुढं गेली होती, दुसऱ्यातली मागं पडली होती. एकाचं अधिक, दुसऱ्याचं उणं; बेरीज शून्य. पाय बर्फात आणि डोकं चुलीत असलेल्या माणसाला सरासरीनं बरं आहे म्हणावं, तसला तो शून्य होता.

"पुढं गेलेल्या गावांत सगळी मुलं याओ भाषा बोलणारी आहेत," चिकोंडी हळूहळू म्हणाली. "मागं पडली ती मासेमारांच्या वस्त्यांतली. तिथं लोक कुठूनकुठून आलेले असतात. आम्ही त्यांना घरची भाषा म्हणून शिकवली ती शेजाऱ्यांच्या घरची होती."

"सगळीकडं असंच आहे?"

"नाही. दोन वस्त्यांत तसं असूनही मुलं पुढं गेलीत. का, ते मला माहीत नाही."

मंजूषाच्या नदीपलीकडच्या गावांतही दोन ढीग निघाले. पण तिथं पुढं जाता येईना. तालुका कोरकू, म्हणून प्रत्येक मुलापुढं घरची भाषा कोरकू असंच भरलेलं होतं. कुणी मुलांना विचारलंच नव्हतं.

अन्वयनं हे का पाहिलं नाही? कारण त्याला तसं बनवलंच नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला एक आकडा द्यायचा, एवढंच तो जाणत होता. उपाय निरुपयोगी आहे आणि उपायाबद्दल अजून सांगता येत नाही, या दोन्हींना तो सारखेच कमी गुण देई. आणि गुण कमी झाले की निधीचं दार आपोआप लागे. अन्वयनं तिसरं उत्तर द्यायला शिकलं पाहिजे, 'सांगता येत नाही' असं, आणि तसं उत्तर आलं की मदत तोडायच्या आधी कुणीतरी तिथं जाऊन बघितलं पाहिजे, असा प्रस्ताव वृषालीनं लिहिला.

पण हेन्रिककडं त्याहून सोपा प्रस्ताव येऊन पडला होता.

"निधीचे लोक म्हणतायत, आपण अंक मागं घ्यावा," त्यानं सांगितलं. "अन्वय तो विसरून जाईल. जुने गुण परत येतील, शाळा सुरू होतील. दीडशे संस्थांनी तशी विनंती केलीय. संपादक मंडळात मत घेऊ."

"अंकात चूक काय आहे, हेन्रिक?"

"काही नाही. पण मुलांचं नुकसान होतंय."

त्याच संध्याकाळी मंजूषानं आपणहून फोन केला. आवाज शांत होता आणि म्हणूनच वृषालीला भीती वाटली.

"ऐकलं मी. अंक वापस घेता येते म्हणे."

"येतो."

"मंग घे."

"ताई, त्यात तुझाही निकाल आहे. खरा आहे तो."

"हाव, खरा हाये. मीच देल्ला. पण त्या खऱ्यापायी माझ्या बाया निंदणाले चालल्या. त्यातली सुगंधी रडून रायली होती काल. मी तुले कधी काही मागतलं नाही, वृषू. आता मागतो."

वृषाली खिडकीपाशी उभी होती. खाली रस्त्यावर बिनचालकाच्या बसेस शिस्तीत एकीमागं एक चालल्या होत्या. ती त्या मोजत राहिली.

"समजलं," मंजूषा म्हणाली. "तुले जमत नसंन त नको जमू दे."

मंडळाची बैठक पडद्यावर झाली. मतं सारखी पडली. उरलं वृषालीचं.

"तू तटस्थ राहू शकतेस," हेन्रिक म्हणाला. त्यानं ते दयेनंच सुचवलं होतं. "बहिणीचा संबंध आहे. मग बरोबरी फोडायला माझं मत धरलं जाईल."

त्याचं मत काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. वृषालीनं फक्त गप्प बसायचं होतं. अंक गेला असता, धारणीचे वर्ग सुरू झाले असते, आणि तिला कुणी बोल लावला नसता. तिनं मंजूषाच्या स्वयंपाकघरातलं ते ताट आठवलं. मग तिला नदीपलीकडची मागं पडलेली मुलं आठवली. तिनं ती कधी पाहिली नव्हती. अंक मागं घेतला तर ती पुन्हा नाहीशी होणार होती, आणि त्यांना त्यांची नसलेली भाषा त्यांचीच म्हणून शिकवत राहणार होते.

"माझा स्वार्थ अंक मागं घेण्यात आहे," ती म्हणाली. "माझं मत स्वार्थाच्या विरुद्ध जातंय, तशी नोंद करा. अंक राहील. आणि तिसऱ्या उत्तराचा प्रस्ताव आजच निधीकडं जाईल, नाहीतर मी तो जाहीरपणे वाचून दाखवीन."

बैठक संपताच तिनं प्रस्ताव निधीकडं धाडला.

निधीनं घोळ घालत घालत अखेर मानलं. अन्वयला 'सांगता येत नाही' म्हणायची मुभा मिळाली, आणि तसं उत्तर आलं तिथं निम्मी मदत देऊन पुन्हा पाहणी करायचं ठरलं. पण त्यात खरीप उलटून गेला होता. पुष्कळ ठिकाणी चालू करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लाओसमधल्या एका संस्थेनं वृषालीला दोन ओळी पाठवल्या: तुमचं म्हणणं बरोबर होतं, आम्ही आता नाही. त्या ओळी ती कितीतरी दिवस चालता चालता वाचत राहिली.

मंजूषा फोन उचलत नव्हती.

धारणीच्या पाहणीसाठी निधीनं चिकोंडीला नेमलं. वृषालीला नात्यामुळं ते काम करता येणार नव्हतं, आणि तिनं मागितलंही नाही. तिनं रजा टाकली आणि दुभाषी म्हणून बरोबर जाऊ द्या, एवढंच विचारलं. हरिसालच्या पुढं रस्त्यात गवे आडवे आले तेव्हा चिकोंडी म्हणाली, "आमच्याकडं या वेळेला हत्ती येतात."

नदीपलीकडच्या बोरीखेड्यात शाळेच्या ओट्यावर मंजूषा उभी होती. वाळली होती. तिनं चिकोंडीचा हात दोन्ही हातांत घेऊन तिला आत नेलं, पाणी दिलं, आणि मग बाहेर आली. वृषाली अजून पायरीवरच होती.

"किती जणी राहिल्या?" वृषालीनं विचारलं.

"सहा. बाकीच्या कामाले लागल्या. बोलवीन तशा येतीन काही." मंजूषानं पदर खोचला. "सुगंधी हाये इथं."

"निम्मी मदत आलीय, त्यात सहा जणींचं..."

"ते यायच्या आधीपासून चालू हाये इथं. एक दिवस बंद नाही पडला हा वर्ग."

वृषालीनं वर पाहिलं. "आणि पाहणीत पुन्हा शून्य आलं तर, ताई?"

"त छापजा," मंजूषा म्हणाली. "वर्ग काही मी तुमच्या जर्नलले इचारून सुरू केला नव्हता."

तिच्या आवाजात राग होता की नुसता थकवा, ते वृषालीला ओळखता आलं नाही. पण "छापजा" म्हणताना मंजूषानं तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली.

वर्गात पोरं भिंतीशी ओळीनं बसली होती. सुगंधी बेठेकर त्यांच्यापुढं मांडी घालून बसली. ती कोरकूतून विचारी, उत्तर मराठीत सांगे, वृषाली ते इंग्रजीत करी आणि चिकोंडी मांडीवरच्या पडद्यावर टिपून घेई. पहिला प्रश्न या खेपेला नवा होता, आजवर कुणी न विचारलेला. तू कुणाशी कुठल्या भाषेत बोलतेस?

पहिली तीन-चार मुलं पटापट झाली. घरी कोरकू, सगळ्यांशी कोरकू. मग एक लहानखुरी मुलगी पुढं आली. नाव रमली. केसांत तेल चपचपीत, दोन वेण्या. सुगंधीनं विचारलं तसं तिनं बोटांवर मोजत उत्तर दिलं आणि सुगंधी हसली.

"म्हणते, आईशी कोरकू," सुगंधीनं सांगितलं. "तिचे बाबा गवळ्यांची जनावरं वळतात, तर त्यांच्याशी गवळ्यांची बोली. आजी पलीकडून मध्य प्रदेशातून आलेली, तिच्याशी निमाडी. म्हशींशी पण गवळ्यांचीच, कारण दुसरं काही त्यांना समजत नाही."

वृषालीनं ते चिकोंडीला सांगितलं. चिकोंडी खळखळून हसली, मग पडद्याकडं पाहून तिनं मान हलवली. तिथं एकाच भाषेची जागा होती. तिनं तिथं केलेली खूण पुसली आणि बोटानं सगळं लिहायला घेतलं.

"आणि शाळेत?" तिनं विचारलं. "शाळेत ती कुणाशी बोलते?"

प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून कोरकूत गेला. रमलीनं सुगंधीकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या मंजूषाकडं, मग जमिनीकडं. हळूच काहीतरी म्हणाली.

सुगंधीचं हसू गेलं. "म्हणते, शाळेत कोणाशीच नाही."

आता हे इंग्रजीत सांगायची पाळी वृषालीची होती. चिकोंडी पडद्यावर बोट टेकवून तिच्याकडं बघत होती. एवढीशी वर्गखोली, तिच्या बहिणीनं बावीस वर्षं घालून उभी केलेली. वृषालीला वाटलं, मुलगी लाजली असेल, नवे लोक पाहून बुजली असेल, पुन्हा विचारायला सांगावं.

मंजूषा दारातून आत आली. रमलीच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज धड होता.

"सांग तिले," ती वृषालीला म्हणाली. "जसं म्हनली, तसंच सांग."